पालवी फुटलेल्या खुंट्या

वूच (पोलंड), ९ ऑक्टोबर २०२२

प्रिय लोदझिया आत्या,

मागच्या नाताळात फोनवर मी तुझी तब्येत विचारली आणि तू मला बटाट्याचे भाव सांगितलेस. तेव्हाच ठरवलं, आता पत्रच लिहायचं. गिरणीतल्या मागांनी तुझे कान खाल्ले, पण डोळे अजून शाबूत आहेत असं तुझी लेक बोझेना सांगते.

काल बाबांच्या कुरणावर जाऊन आलो. गवत कमरेएवढं वाढलंय. तुला आठवतं, उन्हाळ्यात तू आणि बाबा चादरी धुऊन त्या उतारावर पसरायचात आणि ऊन चढलं की मला झारी देऊन पिटाळायचात? चादर ओली राहिली तरच उन्हात पांढरी होते, म्हणायचीस. मी एका चादरीवर पाणी आणि दुसरीवर पाय असं करत जायचो, आणि मार खायचो तो तुझ्याच हातचा. वरच्या रस्त्याचं पावसाचं पाणी ओहोळातून उतरून शेजारच्या तुझ्या जमिनीच्या पट्टीतल्या खळग्यात साचायचं. तिथले बेडूक मी दुधाच्या किटलीत भरून घरी आणायचो. पुढं गिरणीवाल्यांनी राख आणि विटांचे तुकडे टाकून ओहोळ बुजवला, तुझा खळगा तेवढा उरला. काल त्याच्या काठावर बसलो होतो. पन्नाशी उलटलेला घोडा मी, पण बूट काढून पाय बुडवावेसे वाटले.

आता कामाचं. बाबांच्या जागेवर मी तीन इमारती बांधायला काढल्यात. ए, बी आणि सी. बँक तयार आहे, पण तुझी पट्टी बरोबर मधे येते. ती दिलीस तर काम उभं राहील. नाहीतर बाबांची जमीनही जाईल, कारण बँकेकडं तीच गहाण टाकलीय. तुला काय हवं ते माग.

तुझा
सेवेक


उस्त्का, २१ ऑक्टोबर २०२२

सेवेक, पोरा,

पानभर आठवणी आणि शेवटी काम! तुझा बापही असाच. माझ्या आलुबुखारच्या केकची स्तुती सुरू झाली की मी ओळखायची, याला माझी सायकल हवीय. तू इग्नात्सीचाच मुलगा, त्यात शंका नको.

तू लिहितोस ते सगळं गोड आहे. मला आठवतं ते गार पाणी, सुजलेली बोटं आणि पांढऱ्या चादरीवर तुझ्या पायांचे ठसे. पण खोटं कशाला बोलू? पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बोझेना आली, तेव्हा मी ते वर्तमानपत्राखाली सरकवलं. का, ते मलाही ठाऊक नाही.

पट्टी घे. पैसे नकोत. मला तळमजल्यावर दोन खोल्या दे. दार माझं, किल्ली माझी, आणि खिडकी खळग्यावर उघडणारी. बोझेना वाईट नाही रे, जावईही भला आहे. पण इतकी वर्षं झाली, इथं मी पाहुणीच आहे. चमचा चुकीच्या खणात ठेवला तर कुणी बोलत नाही, नुसता उचलून दुसरीकडं ठेवतात. समुद्र फार सुंदर आहे म्हणतात. असेल. माझी त्याची ओळख नाही. मला माझ्या घरी यायचंय, तेही चालत, पेटीतून नव्हे. एवढंच मागणं आहे.

खोल्या कुठं हव्यात तेही सांगते. ओहोळ नासपतीच्या झाडाखालून जायचा. त्याच्या अलीकडं एक कोरडा उंचवटा होता, चादरी पसरून झाल्या की जिथं बसून आपण पाव-काकडी खायचो. त्या जागी. तिथं कधी कुणाचा पाय ओला झाला नाही.

आत्या


वूच, १८ फेब्रुवारी २०२३

प्रिय आत्या,

तिथल्या नोटरीकडून सही करून पाठवलीस, बँकेनं फाइल पुढं सरकवली. तुझे उपकार कसे फेडू? हा नकाशा पाठवतोय. तुझ्या दोन खोल्या सी इमारतीत, लाल पेन्सिलीनं रंगवल्यात.

एक मात्र सांगतो. ओहोळ नासपतीखालून जात नव्हता, कोळशाच्या खोपट्यामागून जायचा. मी त्यात पडलोय, मला माहीत! पण उंचवटा कोरडा होता यावर आपलं एकमत आहे, म्हणून सी इमारत नेमकी तिथं बसवली. तिच्या पोटात गाड्यांचं तळघर. कामाला ईस्टरनंतर हात घालू. पाकुवा नावाचा जुना मुकादम आहे माझ्याकडं, तो तोवर जागेची आखणी करून घेईल.

खिडकीसमोर छान हिरवळ येईल. बाकडीही ठेवणार आहे. कालिना म्हणून आमची वास्तुरचनाकार आहे, तिशीची पोरगी, ती सारखी माझ्याशी भांडते. पाणी असं ठेवा, तसं मुरवा. मी तिला म्हटलं, बाई, मी घरं विकतो, चिखल नाही. तुला ठाऊक आहे का, आता छपरावर पडणाऱ्या पावसावरही कर आहे? जो पाऊस आपल्या आवारात अडवील त्याला कमी, जो गटारात सोडील त्याला जास्त. लोक त्याला पावसाचा कर म्हणतात आणि शिव्या घालतात.

तब्येत जप.

सेवेक


उस्त्का, ३ एप्रिल २०२३

सेवेक,

भिंग लावून नकाशा पाहिला. हिरवळ दिसली. बाकडी दिसली. खळगा काही दिसला नाही. हिरवळीखाली तुटक रेघांची एक पेटी आहे आणि तिच्यावर बारीक अक्षरात ‘टाकी’ लिहिलंय. वरून येणारं पाणी नळातून त्या पेटीत, पेटीतून गटारात, आणि वर लॉन. तुला वाटलं, म्हातारीनं सही केलीय, आता कशाला पाहतेय!

विचारलं असतंस तर मी भांडले असते, आणि मग कदाचित दिलीही असती पट्टी. आत्या आहे तुझी. पण तू ‘छान हिरवळ’ असं लिहून माझी समजूत काढलीस, लहान पोराची काढतात तशी. त्याचा मला राग आलाय, आणि तो लवकर जाणार नाही.

पावसावर कर! कम्युनिस्टांनाही सुचलं नव्हतं ते.

काल झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेल्या विलोच्या फांदीवरची एक मऊ कळी सोबत पाठवतेय. गिळून टाक. वर्षभर घसा दुखत नाही. इतकं गुळगुळीत बोलून तुझा बसला असेल.

लेओकाडिया (आज पूर्ण नाव, लोदझिया नव्हे)


वूच, २१ मे २०२३

प्रिय आत्या,

कळी गिळली. घशात अडकली, बराच वेळ खोकत होतो. माझ्या पापाला तेवढी शिक्षा पुरे म्हणशील का?

तू रागावलेली आहेस, पण हे तुलाच सांगायला हवं, कारण दुसरं कुणी ऐकून तुझ्यासारखं हसणार नाही. इमारतींचे कोपरे, वाटा, नळ आणि तळघराचा खड्डा आखायला करवतलेल्या खुंट्या कमी पडल्या. ईस्टर तोंडावर, दुकानं बंद व्हायला आलेली. पाकुवानं काय करावं? तुझ्या खळग्याकाठचे विलो छाटले, फांद्यांना टोकं काढली आणि ठोकल्या जमिनीत. विलोची काठी! ओल्या जमिनीत खुपसली की झाड होतं हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं, आणि हा साठीचा बाप्या. मी शेजारीच उभा होतो आणि मलाही सुचलं नाही, म्हणजे बघ. मग परवानगीचे कागद अडकले आणि जागेला कुलूप लागलं.

गेल्या आठवड्यात कुलूप उघडलं तर खुंट्यांना पालवी! सगळ्यांना नाही. ए आणि बी इमारतीच्या खुंट्या काडीसारख्या वाळल्यात. पण हिरव्या खुंट्यांची एक रांग वरच्या रस्त्यापासून निघते, वळत वळत सी इमारतीच्या पोटातून जाते आणि तुझ्या खळग्याला मिळते. पाकुवा टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, “साहेब, हे तर ओहोळानं सह्या केल्यात.” आम्ही तिथं खणलं. गुडघाभर खोलीवर राख ओली, आणि पुढच्या फावड्याला पाणी.

नासपतीखाली नाही आत्या, आणि माझ्या खोपट्यामागंही नाही. आपला कोरडा उंचवटा कुठं होता देव जाणे. आपण दोघांनी छातीठोकपणे दाखवलेली जागाच ओहोळ निघाली.

आता दोन वाटा आहेत. पहिली, सी इमारत नकाशाप्रमाणं बांधायची, जाड काँक्रीट ओतायचं आणि तळघरात कायमचे पंप बसवायचे. तुझ्या खोल्या तशाच राहतात. दुसरी वाट कालिनाची. सी इमारत सोडून द्यायची, राख उपसून ओहोळ उघडा करायचा, काठाला पायऱ्या-पायऱ्यांनी गवत आणि विलो लावायचे, छपरांचं पाणी त्यातच सोडायचं. मग टाकी नको, पंप नको. ती म्हणते, तुम्ही पाण्याशी भांडण्यावर जेवढं ओतताय, त्यात बाग होते. पण मग तुझ्या खोल्या पाण्यात जातात. ए आणि बी च्या तळमजल्यावर सायकली आणि दुकानं दाखवलीत, कर्ज त्या नकाशावरच मंजूर झालंय. वरच्या मजल्यावर देऊ शकतो. चौथा, लिफ्ट आहे.

तुला शब्द दिलाय. एकदा तुला न विचारता ठरवलं, आता विचारून ठरवायचंय. तू म्हणालीस तर पंप लावतो.

सेवेक


उस्त्का, ३० मे २०२३

सेवेक, गाढवा,

इतकी हसले की जावई धावत आला, त्याला वाटलं झटका आला. पाकुवाला माझा नमस्कार सांग. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तुम्हा बिल्डरांना विलोनं शिकवायचं होतं.

आणि मलाही. नासपतीखाली ओहोळ होता अशी शपथ मी चर्चमध्ये घेतली असती. तो मला इतका स्वच्छ दिसतो! इग्नात्सी पँट वर गुंडाळून उभा, पाण्यात पडलेली नासपती शोधतोय, मी काठावरून ओरडतेय. मग ती नासपती पाण्यात पडली कशी? की पडलीच नव्हती, आणि तो दुसरंच काही शोधत होता? आता विचारायचं कुणाला? सगळी रात्र नाही, पण सगळी दुपार त्यात गेली. तू आणि मी, एवढेच दोघं उरलोत त्या कुरणाचे साक्षीदार, आणि दोघंही खोटे.

पंप लावू नकोस. ज्या खोलीखाली रात्रंदिवस यंत्र पाणी ओढतंय, त्या खोलीत मला झोप यायची नाही, मग तिची किल्ली माझी असो की राजाची. उघड तो ओहोळ. चौथा मजला मला नको. लिफ्टनं वर जाऊन खाली डोकावायला मी कबुतर नव्हे.

हे लिहिलं आणि मग थोडी रडले. पाण्यासाठी नाही रे, त्या दोन खोल्यांसाठी. पडदेसुद्धा मनात लावून झाले होते. पण ते तुझ्या डोक्याला ताप म्हणून लिहीत नाही, तू आता खरं लिहितोस म्हणून मीही लिहिते. माझं काय, मी इथं आहेच. समुद्राशी ओळख करून घेईन.

आत्या


वूच, २५ मे २०२५

प्रिय आत्या,

दोन वर्षं आपण नुसत्या सणाच्या कार्डांवर भागवलं. मी मुद्दामच मोठं पत्र लिहिलं नाही. आधी काम होऊ दे, मग तोंड उघडावं म्हटलं. आता वाच.

सी इमारत सोडतोय म्हटल्यावर बँकेतला माणूस माझ्याकडं असा बघायला लागला, जसा मी दारू पिऊन आलोय. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. घरं विकायला निघालेला माणूस एक आख्खी इमारत खोडतो आणि तिथं खड्डा काढतो! पण टाकी गेली. ती जमिनीत पुरायला यंत्रं येणार होती, ती आली नाहीत. नळ बारीक झाले. तळघर ए इमारतीखाली, वरच्या अंगाला नेलं, तिथं खड्ड्यात एक थेंब आला नाही. नगरपालिकेतले जे साहेब फाइल परत करण्यात पटाईत, त्यांनी नकाशा पाहून मला चहा विचारला. त्यांचं गटार भरणार नव्हतं ना. पावसाचा करही कमी लागणार, रहिवाशांना ते सांगताना कालिना अशी ऐटीत उभी राहते की पाऊस तिनंच स्वस्त केलाय.

मग गेल्या जुलैत आभाळ फाटलं. दुपारी अंधार, आणि पाऊस असा की समोरची इमारत दिसेना. पलीकडच्या गल्लीतल्या नव्या संकुलात तळघरात गाड्या तरंगल्या. मी छत्री घेऊन धावलो. पोचलो तर पाकुवा ओहोळाच्या काठावर ओलाचिंब उभा. पाणी वरच्या रस्त्यावरून येत होतं, वळत होतं, खळग्यात पसरत होतं. एकेक पायरी चढत गेलं आणि थांबलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत मुरून गेलं. आत्या, मी तिथं उभा राहून बाबांना हाक मारली. मोठ्यानं. पाकुवानं ऐकलं नाही असं दाखवलं, भला माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेतला माणूस चांगले बूट घालून आला आणि ते खराब करून गेला. जाताना म्हणाला, “पाण्याकाठी सायकली कसल्या ठेवताय? घरं करा.” तुला ठाऊक आहे, आपल्याकडं तळमजला कुणाला नको असतो. चोर येतात, ओल येते, रस्त्यावरचे लोक ताटात डोकावतात. इथं लोकांनी आधी तळमजला मागितला. उन्हाळ्यात गवंडीसुद्धा जेवायला ओहोळाकडं जायचे, तिथं हवा गार असायची. खरेदीदार तेच बघून सह्या करून गेले. एका बाईनं बेडूक ओरडणार नाहीत अशी लेखी हमी मागितली. मी म्हटलं, बाई, ते माझ्या नोकरीत नाहीत.

तर सांगायचं ते हे. बी इमारत, तळमजला, कोपऱ्यातलं घर. दोन खोल्या आणि एक छोटी खोली. खिडकी खळग्यावर. ते मी कुणाला दाखवलं नाही. कागदावर तुझं नाव घातलंय, किल्ली माझ्या खिशात आहे. पडदे लावले नाहीत, ते तुझं काम.

ये ना आत्या. तुझ्या त्या पट्टीवर आता कितीतरी लोक राहायला आलेत. चादरी पसरायचो म्हणून सांगितलं तर हसतात. मला साक्षीदार हवाय, खोटा का असेना.

सेवेक

ता. क. ते घर मी माझ्यासाठी ठेवलं होतं असं बोझेना तुला सांगेल. तिचं ऐकू नकोस. ऑफिसात सोफा आहे, चांगला लांब आहे.


उस्त्का, ११ जून २०२५

सेवेक,

बोझेनानं सांगितलं. आणि मी तिचं ऐकलं. ग्राझिना संसार मोडून गेल्यापासून तू त्या सोफ्यावरच झोपतोस हेही सांगितलं. माझ्या कानांना दोष देतोस, आणि आपलं दुःख कळवायला तुझं पेन चालत नाही होय?

तर नीट वाच. घर माझं. छोटी खोली तुझी. भाडं म्हणून रोज सकाळी ताजा पाव आणायचास आणि चमचा जिथं मी ठेवीन तिथं राहू द्यायचास. जमत असेल तर हो म्हण. नाहीतरही मी येतेच आहे, म्हणजे तुझ्या हो-नाहीचा प्रश्न उरत नाही.

बोझेनाला मी सांगितलंय की आठवडाभर जाते, इमारत बघते आणि परत येते. तिनं माझी बॅग भरली. आठवड्याचे कपडे, औषधं, एक स्वेटर. चांगली मुलगी आहे, सगळं घडी घालून. ती बाजारात गेल्यावर मी बॅग उघडली आणि पुन्हा भरली. तिला खरं सांगायला हवं, कळतंय मला. शनिवारी गाडी सुटायच्या आधी सांगेन, किंवा तिथून लिहीन. रडेल थोडी. मीही रडेन.

शनिवारी संध्याकाळी स्टेशनवर ये. बॅग जड आहे, उचलताना कुरकुर करू नकोस. आणि भर उन्हाळ्यात यात हिवाळी कोट आणि लोकरीचे बूट कशाला, असं तिथं सगळ्यांसमोर विचारू नकोस. बर्फ पडल्यावर तो ओहोळ कसा दिसतो, ते मला माझ्या खिडकीतून बघायचंय.

तुझी आत्या